टपटप नावाची बिअर

मोतीबाईच्या नाकाची पळसधरा तांड्यात ख्याती होती. मोहाची वाळलेली फुलं ओंजळीत घेऊन ती सांगायची, ही नाल्याकाठच्या झाडाची, ही टेकडीवरची. तरणी होती तेव्हा तांड्यात घरोघरी दारू गाळली जायची. तिचा नवरा बाबूसिंग मागच्या अंगणात भट्टीवर बसलेला असे आणि ही घरात भाकरी थापता थापता ओरडायची, "धार बदलली, मडकं काढा आता." त्यानं चाखून पाहिलं की ते खरं निघायचं. पुढं धाडी वाढल्या, दारूनं तांड्यातली धडधाकट माणसं जायला लागली, बाबूसिंगही गेला. मग बायांनीच एका सकाळी सगळ्या भट्ट्या फोडल्या. त्यात मोतीबाई पुढं होती. त्यानंतर फुलं वेचायची, वाळवायची आणि व्यापारी देईल त्या भावात विकून टाकायची, एवढाच मोहाशी संबंध उरला.

म्हणून दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत उर्वशी नावाची पोरगी तांड्यात आली आणि म्हणाली, "मावशी, मले तुमच्या मोहाची बिअर बनवायची आहे," तेव्हा मोतीबाईनं आधी तिला दारातूनच परत पाठवलं.

उर्वशी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. ती कळंबची होती. वडील देवराव शाळामास्तर, आई तुळसाबाई. आईनं स्वतः बायांचा मोर्चा नेऊन वस्तीतलं दारूचं दुकान बंद पाडलेलं, त्यामुळं पोरगी पुण्यात बिअरच्या कारखान्यात नोकरीला आहे हे ती शेजारीपाजारी सांगत नसे. पोरीनं हे सगळं हसत हसत स्वतःच सांगितलं. मग पिशवीतून वाळलेली फुलं काढून मोतीबाईपुढं धरली.

मोतीबाईनं हुंगली. "कुबट आहेत. ओली असतानी पोत्यात भरली कोणीतरी."

"म्हणूनच तर तुमच्याकडं आली," उर्वशी म्हणाली. "घाटंजीच्या बाजारात सगळ्याईनं तुमचंच नाव सांगतलं."

भारतला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. भारत हा मोतीबाईचा एकुलता एक मुलगा. आदल्या वर्षी कपाशीची पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि तरी बोंडांत अळी होती. जो तो फवारत होता. भारत रोजानं लोकांच्या शेतात पंप घेऊन जायचा. उंच झाडांवर फवारायचं म्हणजे नळी वर धरावी लागे, आणि सगळं औषध वाऱ्यानं परत तोंडावर येई. विषच ते, पण औषध म्हणतात त्याला. ऑगस्टातल्या एका दुपारी तो भिंतीला धरत घरी आला, आईला म्हणाला, "याडी, मले दिसून नाही राह्यलं." तोंडातून लाळ चालली होती, घामानं सदरा भिजला होता. यवतमाळच्या दवाखान्यात तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत मोतीबाईनं त्याच्या उलट्या काढल्या, तो सदरा नळाखाली धुतला, चारदा धुतला, आणि तरी त्याला सडक्या लसणीसारखा, रॉकेलसारखा वास येत राहिला. चौथ्या दिवशी सदरा घालायला भारत उरला नव्हता.

घरात मग दोघीच राहिल्या. मोतीबाई आणि भारतची बायको बबिता. बबिता चोवीस वर्षांची, उमरखेडकडची. लेकरू झालं नव्हतं. माहेरच्यांनी न्यायला माणूस पाठवला तर ती गेली नाही. "याडी एकटी पडेल," एवढंच म्हणाली. दोघी आपसांत फारसं बोलत नसत, पण एकीच्या ताटात भाजी कमी दिसली तर दुसरी आपली तिकडं सरकवत असे.

अशा घरात उर्वशी येऊ-जाऊ लागली. तिनं सहा घरांच्या सहा बायांना तयार केलं. तिची कंपनी बाजारापेक्षा दुप्पट भाव देणार होती, परवान्याची खटपट स्वतः करणार होती, आणि बाटलीवर सहाही जणींची नावं छापणार होती. नुसता माल घेणार नाही, ही बिअर दोघांनी मिळून केलेली असेल, असं उर्वशी पुन्हा पुन्हा सांगायची. फुलं कशी वेचायची, किती वाळवायची, हे बायांनी ठरवायचं आणि पुढचं तिनं.

मार्चात फुलं पडायला लागली तेव्हा ती आठ दिवस मोतीबाईच्याच घरी राहिली. पहाटे झाडाखाली उभी राहून ऐकायची. फुलं पडण्याचा आवाज होतो, बारीक, पानांवर. "मावशी, नाव सापडलं," ती म्हणाली. "टपटप."

"दारूचं नाव असं कुठं असते का?" बबिता म्हणाली, आणि हसली. भारत गेल्यापासून मोतीबाईनं तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

फुलं चांगली वाळली. मनुक्यासारखी तपकिरी झाली, मुठीत दाबली की सुटी होणारी. कंपनी सप्टेंबरात माल उचलणार होती, तोपर्यंत ज्याची त्यानं सांभाळायची होती. जुलैत मोतीबाईचा भाऊ आजारी पडला म्हणून ती बारा दिवस दिग्रसकडं जाऊन राहिली. परत आली तेव्हा पोती तोंडं बांधून जागच्या जागी होती, उघडून पाहायचं तिला कारण नव्हतं. सप्टेंबरात गाडी आली, सहा घरांची पोती एकत्र भरली गेली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

नोव्हेंबरात उर्वशीचा फोन आला. बिअर झाली. पुण्यात विकायला काढण्याआधी ती तांड्यात आणून बायांना चाखायला द्यायची, त्याचं चित्रण करायचं, असं कंपनीच्या मालकानं ठरवलं होतं. तारीख ठरली, आणि त्या दिवशी सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. टेकडीखालच्या मोठ्या मोहाखाली सतरंजी अंथरली. मालक आला होता, पस्तिशीचा, दाढी राखलेला, बोलायला गोड. कॅमेरा घेतलेली दोन माणसं होती. तांड्याचा प्रमुख, नायक फुलचंद डोक्याला नवा फेटा बांधून खुर्चीवर बसला. बायांनी पेटीतली ठेवणीतली घागरा-चोळी, फेटिया-कांचळी, काढून घातली होती. बसंतीबाई, जी सहा जणींत सगळ्यांत बोलकी, तिनं तर हातभर बांगड्या चढवल्या होत्या.

बाटलीवर खरंच नावं होती. मोतीबाईला वाचता येत नव्हतं, बबितानं बोट ठेवून दाखवलं. पहिलंच तिचं होतं.

उर्वशीनं काचेच्या ग्लासात बिअर ओतली. मधासारखा रंग, वर पांढरा फेस. तिचे डोळे लाल होते, चेहरा उतरला होता, पण ती आनंदात होती. "पहिला घोट मावशीचा," ती म्हणाली. कॅमेरा वळला.

मोतीबाईनं ग्लास नाकाशी नेला. गार होता, फेसामुळं वास नीट येईना. तिनं घोट घेतला.

आधी करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव आली. मग मोह आला. दारूतला जळका मोह नव्हे, झाडाखाली दव पडलेला, वेचताना एखादं फूल तोंडात टाकावं तसा. तिला वाटलं, पोरीनं खरंच काहीतरी केलं. आणि मग घोट खाली गेल्यावर जिभेच्या मुळाशी काहीतरी उरलं. कडसर. तिला ते काय आहे हे आधी कळलं नाही. तिनं दुसरा, अगदी लहान घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. तेव्हा तिला दवाखान्याचा नळ दिसला, आणि नळाखालचा सदरा.

"कशी आहे, मावशी?" उर्वशीनं विचारलं.

मोतीबाईनं ग्लास खाली ठेवला. मालक पुढं झाला. "शेवटी ती लसणीसारखी, धुरकट चव लागते ना? पुण्यात ज्यांना ज्यांना दिली ते सगळे तेच विचारतात, हे काय आहे म्हणून. आम्ही म्हणतो, हीच जंगलाची चव."

"मोहाले अशी चव नसते," मोतीबाई म्हणाली.

सगळे हसले. तिला चेष्टा करायची आहे असं त्यांना वाटलं. मोतीबाईनं बायांकडं पाहिलं. पाच जणींच्या हातात ग्लास होते, चौघींनी तोंडाला लावले होते. बबितानं आपला ग्लास सतरंजीवर ठेवला होता आणि ती जमिनीकडं पाहत होती.

"मले पाणी पायजे," म्हणून मोतीबाई उठली. "बबिता, चाल."

घरात आल्यावर तिनं दार लोटलं. दोघी आपसांत त्यांच्या गोरबोलीत, बंजारा भाषेतच बोलायच्या. "फुलं कशात ठेवलती?" तिनं विचारलं.

बबिता रडली नाही. कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "पत्रा गळत होता, याडी. तुम्ही दिग्रसले होता. पोती ओली व्हायले लागली. झाकण घट्ट बसते असा एकच ड्रम होता घरात."

निळा ड्रम. भारत त्यात औषध कालवायचा. शेतमालकानं तो त्यालाच देऊन टाकला होता.

"तीनदा धुतलता मी. राखेनं, सोड्यानं. वास नव्हता येत. मले नव्हता येत." मग तिचा आवाज चिरकला. "तुम्ही येण्याच्या आधी पुन्हा पोत्यात भरली. सांगू नका, याडी. कोणाले काय कळते? एवढ्याशा फुलाईनं काय होते? आपलं नाव निघालं तर तांड्यात कोणी उभं नाही करणार."

मोतीबाई चुलीपाशी बसली. बबिता म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. पुण्यातल्या माणसांना ती चव आवडली होती. बाहेर पाच घरच्या बाया वर्षभराची आशा धरून बसल्या होत्या. बसंतीबाईची लेक यवतमाळला नर्सिंगला जाणार होती ती याच भरवशावर. आणि एका घोटानं माणूस मरत नाही हे मोतीबाईलाही माहीत होतं. भारतही एका दिवसात मेला नव्हता. डॉक्टर म्हणाला होता, रोज थोडं थोडं जात होतं अंगात.

दार ढकलून उर्वशी आत आली. "काय झालं वं मावशी? बरं नाही वाटून राह्यलं का?"

"तुह्ये डोळे कायले लाल आहेत?"

"जागरण. डोकंही दुखते. महिना झाला, झोपच नाही मले. रोज टाकीतून काढून चाखा लागते ना, चव कशी बदलून राह्यली ते पाहाले."

"रोज?"

"दिवसातून चारदा, पाचदा," उर्वशी हसून म्हणाली.

मोतीबाईनं बबिताकडं पाहिलं नाही. "माह्याच हातून चूक झाली, पोरी," ती म्हणाली. "फुलं मी त्या ड्रमात ठेवली. औषधाच्या. ते जंगल नाही, ते औषध आहे. पिऊ नोको आता. कोणालेच पिऊ देऊ नोको."

उर्वशीला आधी अर्थ लागला नाही. मग ती ड्रमापाशी गेली, झाकण काढलं, डोकं आत घातलं. बराच वेळ तसंच ठेवलं. वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. "हीच आहे," ती पुटपुटली. "मी हिलेच मोहाची चव समजली. मावशी, मी वहीत लिहून ठेवलं, ही चव टिकवायची म्हणून."

ती बाहेर पळाली. मोतीबाईनं दारातून पाहिलं. उर्वशी एकेकीच्या हातातला ग्लास घेऊन मातीत ओतत होती, बाया बावचळून तिच्याकडं पाहत होत्या. मालकाचं गोड बोलणं संपलं. तो तिला बाजूला घेऊन म्हणत होता की कॅमेऱ्यासमोर हा तमाशा नको, आधी तपासून घेऊ, एका म्हातारीच्या जिभेवर बाराशे लिटर माल फेकायचा का. उर्वशी मान हलवत राहिली. अर्ध्या तासात दोन्ही गाड्या गेल्या. सतरंजी तेवढी राहिली.

तपासणीचा कागद अठरा दिवसांनी आला. उर्वशीनं फोनवर सांगितलं, औषध निघालं, चालतं त्याच्यापेक्षा जास्त. सगळी बिअर नष्ट केली. कंपनीनं पळसधऱ्याशी केलेला करार मोडला. तिला स्वतःला डॉक्टरनं रक्त तपासून सोडून दिलं, तसं काही नाही म्हणाला. डोकं मात्र अजून दुखतं.

त्याच आठवड्यात नायकाच्या अंगणात बैठक बसली. सकाळची वेळ, कापूस वेचायला जायची घाई, तरी सगळा तांडा जमला. फुलचंदनं काही विचारायच्या आधीच बसंतीबाई उठली.

"जिच्या नाकाची एवढी तारीफ, तिले आपल्याच घरातला वास नाही समजला? आन् समजला तर गप नाही राहता आलं? पुण्याच्या लोकाईचा पुळका कायले? ते आले होते का भारतले पाहाले?"

मोतीबाई मान खाली घालून बसली होती. तिनं ठरवलं होतं, उत्तर द्यायचं नाही.

"आन् ड्रमाचं काय एवढं?" बसंतीबाईचा आवाज चढला. "माह्या घरी तसेच दोन आहेत. धुऊन पाणी भरतो आम्ही त्यात. कोणाच्या घरी नाही ते सांगा. प्यायचं पाणी भरतो. काय झालं आम्हाले?"

नळ चार दिवसांनी यायचा. निळा ड्रम प्रत्येक दारात होता. दोन-चार बायांनी आपापल्या घराकडं पाहिलं आणि मान वळवली. बसंतीबाई स्वतःही मध्येच थांबली, आपण काय बोललो ते तिला आता ऐकू आल्यासारखी. मग खाली बसून पदरानं तोंड पुसायला लागली.

"भारतच्या मरणानं म्हातारीचं डोकं फिरलं," मागून कोणी पुरुष म्हणाला. "तिले सगळ्यातच औषध दिसते."

तेव्हा बबिता उभी राहिली. "फुलं याडीनं नाही ठेवली," ती म्हणाली. "मी ठेवली. ती दिग्रसले होती. माहा आळ तिनं आपल्यावर घेतला."

"खाली बस," मोतीबाई ओरडली. "काय बोलून राह्यली तू?"

पण बबिता बसली नाही. तिनं सगळं सांगितलं, गळका पत्रा, राख, सोडा, आणि सांगू नका म्हणून मोतीबाईला केलेली विनवणीही. बोलताना ती कोणाकडं पाहत नव्हती. फुलचंद म्हणाला, झालं ते झालं, ज्यानं त्यानं कामाला जा. शिक्षा त्यानं काही सांगितली नाही. ती बायांनीच दिली. त्या दिवसापासून बबिता नळावर गेली की दोघी-तिघी आपली भांडी उचलून मागं सरत. वेचणीच्या टोळीत तिला कोणी हाक मारेना. बसंतीबाईच्या लेकीचं नर्सिंग राहिलं, आणि ती पोरगी रोज बबिताच्या समोरून शेण्या घेऊन जायची, एक शब्द न बोलता. ते बबिताला सगळ्यांत जड गेलं.

जानेवारीत मोतीबाईनंच बबिताच्या भावाला निरोप धाडला. जाताना बबिता म्हणाली, "मी आठ दिवसाईनं येतो, याडी." मोतीबाईनं तिला उमरखेडच्या एसटीत खिडकीपाशी बसवलं, डब्यात भाकरी-चटणी दिली. "येजो," म्हणाली. पण घरी येऊन तिनं बबिताच्या उरलेल्या साड्या घडी करून वेगळ्या बांधल्या, पुढल्या वेळी भाऊ आला की त्याच्याकडं द्यायला. परतून यावं असं इथं काही नव्हतं. ड्रम तिनं कुऱ्हाडीनं फोडला. तांड्यातले बाकीचे ड्रम जिथल्या तिथं होते. बसंतीबाईनं तेवढे आपले दोन्ही पाण्यासाठी वापरायचे बंद केले आणि मातीचे दोन रांजण घेतले. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नाही.

मार्चात फुलं पडायला लागली. त्या वर्षी व्यापाऱ्यानं नेहमीपेक्षा कमी भाव सांगितला, पळसधऱ्याच्या मालाची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. बाया पहाटे टोळी करून जायच्या. मोतीबाई थोडी मागं राहून एकटी निघायची. एका सकाळी ती फुलं अंगणात पसरत होती तेव्हा फोन वाजला. उर्वशी होती. पुण्याची नोकरी गेली होती. नागपूरला बिस्किटांच्या कारखान्यात लागली होती. आई खूश आहे म्हणाली. बबिताची चौकशी केली.

"मावशी, एक विचारू का? खरं सांगजा."

"विचार."

"ते औषध सोडून. चव कशी होती?"

मोतीबाईनं हातातली टोपली खाली ठेवली. ती बराच वेळ आठवत राहिली, कारण पोरीला उगाच काहीतरी सांगून चालणार नव्हतं.

"चांगली होती," ती म्हणाली. "पहिले भाकरीसारखी लागली. मंग मोह आला. दवातला. मी एवढी वर्षं मोह पाह्यला, दारूत असा कधी नाही उतरला कोणाले. तुह्या हातात होतं ते."

पलीकडून पोरीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"डोकं दुखते का अजून?" मोतीबाईनं विचारलं.

"कधी कधी."

"दवाखान्यात दाखवत राहा. एकदा पाहून काही नाही म्हणाले तरी दाखवत राहा," मोतीबाई म्हणाली, आणि ऊन चढायच्या आत उरलेली फुलं पसरून घ्यायला खाली वाकली.